मिशीमामा आणि मुकं दार

मिशीमामांची पॉलिशची परीक्षा एकच. लाकडाला शेवटचा हात देऊन झाला, की ते त्या दारासमोर उभे राहायचे आणि त्यात आपली मिशी बघायचे. मिशी दिसली तर काम झालं. मिशीतले पांढरे केस वेगळे मोजता आले, तर घरमालकिणीकडे हक्काने चहा मागायचा. चाळीस वर्षं लोकांच्या दारांत बघता बघता ती मिशी काळ्याची पांढरी झाली. स्वतःच्या घरातली कपाटं मात्र अशी मळकट, की मामी म्हणायच्या, "जगाला तोंडं दाखवता, माझं मला कधी दिसायचं?"

हल्ली मामांच्या हातातली बशी वाजायला लागली होती. चहा सांडत नसे, फक्त बशी जरा किणकिणायची. मामा म्हणायचे, "कप हलका आहे." जावई गुणी, रंगाच्या दुकानात मॅनेजर. तो बशीकडे बघायचा आणि म्हणायचा, "बाबा, काउंटरला बसा की आमच्याकडे. वर पंखा, खाली गादीची खुर्ची. डबे दाखवायचे, बस्स." मामांना डबे दाखवण्यात काही कमीपणा वाटत नव्हता. पण झाकण न उघडता नुसते डबे दाखवायचे, या विचारानेच त्यांचा जीव गुदमरायचा.

"हे एक काम होऊ दे," ते म्हणाले. "मग सांगतो."

हे एक काम म्हणजे हेडबाईंचं स्वयंपाकघर. हेडबाई रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, पण मुख्याध्यापकपण काही रिटायर झालेलं नव्हतं. जिन्यात मुलं त्यांना बघून अजून रांगेत चालायची. त्यांच्या यजमानांना नाव असणारच, पण बिल्डिंगमध्ये ते 'बाईंचे मिस्टर' म्हणूनच ओळखले जात. डोक्यावर केस मोजून बारा, आणि महिन्याला केसांच्या तेलाची बाटली एक. त्या बाराजणांची एवढी बडदास्त कशाला, हा प्रश्न सगळ्या मजल्यांवर चघळून झाला होता. रक्तात साखर, म्हणून बाईंनी त्यांचं गोड बंद केलं होतं. बंद म्हणजे बंद.

सगळ्या बिल्डिंगची कपाटं एकाच सुताराची, एकाच वयाची आणि एकसारखीच काळवंडलेली. त्यामुळे अकरा घरं हेडबाईंच्या निकालाकडे डोळे लावून बसली होती. मामांचं काम जमलं तर पुढची दोन वर्षं बघायला नको. बिघडलं तर आहेच पंखा.

बाईंनी सूचना दिल्या. "आतलं काही हलवायचं नाही. फक्त बाहेरून. आणि दारं काढायची नाहीत, जुन्या लाकडात स्क्रू पुन्हा धरत नाही."

"बाई, तुम्ही सुतारकाम पण शिकवायचात का?"

"शिकवलं असतं तर हा सुतार नापास झाला असता."

नऊ दारं होती. मामांनी आधी सोड्याच्या पाण्याने तीस वर्षांच्या फोडण्या उतरवल्या. मग लाकडाच्या रेघेने पॉलिश पेपर फिरवला, आडवा चुकूनही नाही. लाकडाची छिद्रं बुजवायला सीलर दिला, वाळवला, पुन्हा घासला. आठ दारं अशी उजळली, की वरच्या मजल्यावरच्या काकू चार वेळा विरजण मागायला येऊन गेल्या.

नववं दार कोपऱ्यातलं, सिंकच्या वरचं. जेवणाआधी मामांनी त्याला पॉलिशचा हात दिला आणि डबा खायला जिन्यावर जाऊन बसले. तासाभराने येऊन बघतात तर बिजागरीपाशी पॉलिश आक्रसलेलं, मध्ये बारीक बारीक खळगे, आणि बोट लावलं तर चिकट. घासून काढलं, पुन्हा दिलं. दुसऱ्या दिवशी जेवून येतात तो तोच प्रकार.

हेडबाईंनी दारावरून बोट फिरवलं. "मामा, आठ दारांना दहापैकी दहा. हे तेवढं राहिलंय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दमला असाल तर सांगा हो. कुणाचाही हात दमतो."

ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या मायेनं बोलल्या, तेच मामांना झोंबलं.

घरी आल्यावर त्यांनी पाण्याचा पेला हात लांब करून धरला आणि पाण्याकडे बघत बसले. मामी म्हणाल्या, "कुणाला पाजताय?" मामांनी ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं. जावयाचा फोन आला. मामा म्हणाले, "उद्या सांगतो. खुर्ची ठेव पुसून."

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई वाचनालयात गेल्या. मामांनी ब्रश हातात घेतलाच नाही. नऊ दारांसमोर स्टूल टाकून बसले, आणि काही सुचेना म्हणून एकेक दार उघडून मिटायला लागले. पहिलं दार कुरकुरलं. दुसरं कुरकुरलं. तिसऱ्याने तर गळाच काढला. आठही दारं आपापल्या आवाजात रडली. नववं उघडलं, मिटलं. हूं नाही की चूं नाही.

मामांनी बिजागरीला बोट लावलं. थिनर हुंगून त्यांचं नाक कधीच कामातून गेलेलं, म्हणून बोटावर बोट चोळून बघितलं. बुळबुळीत. तेल! बिजागरीतून ओघळून लाकडात मुरलेलं, वर कुणीतरी तेलकट बोटंही नुकतीच पुसलेली. तेल प्यायलेलं लाकूड पॉलिशला कसली दाद देतं? आत वाकून बघितलं, तर पाहुण्यांच्या कपांमागे बिस्किटांचा डबा.

हात आपला गेलेला नाही! मामांना एकदम तीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. ते वळले, तर दारात बाईंचे मिस्टर उभे. चेहरा पाटीवर चूक गणित सापडलेल्या मुलासारखा.

"रोज किती?" मामांनी विचारलं.

"एक. शपथ, एकच."

"क्रीमचं?"

मिस्टरांनी मान खाली घातली. "तुम्ही जेवायला जाता आणि ही पडते, तेव्हा. दार वाजलं की उठते हो ती. म्हणून थोडंसं तेल..."

"साहेब, तुमच्या एका बिस्किटापायी माझी चाळीस वर्षं पाण्यात चालली होती."

"मी सांगतो तिला. आत्ता येईल, आल्याबरोबर सांगतो," मिस्टर म्हणाले. पण त्यांचा आवाज नवव्या दारासारखाच झाला होता, नसल्यासारखा.

मामांनी त्यांच्याकडे बघितलं आणि फडकं उचललं. "राहू द्या. साखर मात्र सांभाळा."

थिनरने बिजागरी पुसली, लाकूड पाच वेळा धुतलं, घासलं, सीलर दिला, वाळवला, मग शेवटचा हात. संध्याकाळी दारात मिशी दिसली. पांढरे केस मोजून झाले.

बाई आल्या. बोट फिरवलं, दिव्याखाली वाकून बघितलं. "अरे! काय झालं होतं याला?"

"चूक माझी, बाई," मामा भिंतीकडे बघत म्हणाले. "आधी नीट पुसलं नव्हतं. वय झालं."

"असं?" म्हणून बाईंनी दार उघडलं.

कुर्रर्रर्र!

आठांनी मिळून केला नसेल असा आवाज. मामांनी डोळे मिटले. थिनरने तेल काढलं की बिजागरी बोलणार, एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. बाईंनी दार पुन्हा हलवलं, पुन्हा ऐकलं. डबा काढून कानाशी खुळखुळवला. मिस्टरांच्या चकचकीत डोक्याकडे बघितलं, मग मामांकडे. तीस वर्षं शाळा चालवलेली बाई ती. आणखी काय सांगायला हवं होतं?

"वय झालं म्हणता?" त्या म्हणाल्या. "मग चहा घेऊन जा. आणि हा डबा मामींना द्या."

दुसऱ्या दिवशी हेडबाई स्वतः अकरा घरं फिरल्या. प्रत्येक दारात एकच निकाल: "हात एकदम पक्का. खोटं बोलण्यात तेवढा कच्चा आहे माणूस, तिकडे लक्ष देऊ नका."

मामांनी जावयाला फोन लावला. "ती खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी दे रे. मला अकरा स्वयंपाकघरं आहेत."

"बारा," मामी आतून ओरडल्या. तोंडात क्रीमचं बिस्कीट होतं, पण आकडा स्पष्ट ऐकू आला.