आधी कोण, ते क्यूला विचारू नका!

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही हो. एक सांगायला जावं तर मागून चार धक्काबुक्की करत येतात! परळच्या आमच्या दोन खोल्यांच्या कंपनीतले तर विचारूच नका. आम्ही सी भाषेत डेटाबेसची टूल्स लिहायचो. मी गिरगावची, विलास लालबागचा. संपानंतर त्याच्या बाबांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. सगळं घर विलासवर, आणि विलास तीन महिन्यांच्या ट्रायलवर!

*

आमचे मालक सामंत सर. एकदा त्यांनी सगळा कोड चाळला आणि कपाळाला हात लावला. महत्त्वाचं काम आधी बाहेर काढायचं, एवढ्यासाठी प्रायॉरिटी क्यू लागते. आमच्याकडे तीन होत्या! सॉर्टची वेगळी, बॅकअपची वेगळी, आणि इंडेक्सची माझी.

"एका घरात तीन चुली कशाला?" सर म्हणाले. "विलास, सगळ्यांना चालेल अशी एकच लिही. जमली तर पर्मनंट. नाहीतर राम राम!"

*

विलासने त्या एका क्यूत सगळ्या टूल्सचे नियम कोंबले. रोज एक नवा 'इफ', म्हणजे नवी अट! पोरगा रडकुंडीला आला.

एका रविवारी मी त्याच्या घरी गेले होते. चाळीच्या नळावर हंड्यांची रांग, आणि त्याच्या आईने बाळंतिणीच्या घरचा हंडा सरळ पुढे सरकवला. विलास म्हणाला, "आई, असा नियम आहे नळाचा?"

"मेल्या, नळाक काय कळता? तो नुसता पाणी सोडता. आधी कोण, ता आमी ठरवतंव!"

विलास हातातला चहा तसाच ठेवून वही शोधायला धावला. सोमवारी क्यूतले सगळे इफ गायब! आधी कोण, ते ठरवणारं फंक्शन आता ज्याचं त्याने द्यायचं.

*

पहिल्या टेस्टला दहा कामं टाकली. बाहेर आलं एकच काम, दहा वेळा! विलासने क्यूत कामांऐवजी त्यांचे मेमरीतले पत्ते ठेवले होते, आणि दहाही पत्ते एकाच जागेचे.

"दहा पोस्टमन एकाच खोलीवर पाठवलेस रे!" सर म्हणाले. विलासचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं, पण हसूही आवरेना.

*

मग मी माझं फंक्शन दिलं. सगळ्यात फालतू काम पहिलं बाहेर! "क्यू बिघडली!" मी ओरडले.

विलासने माझा कोड वाचला. "क्यू ठीक आहे गं. तुझी आवडनिवड उलटी आहे!"

*

शेवटी डेमो. सर म्हणाले, "माझीच कामं टाकतो." त्यांनी टाइप केलं, 'एसी दुरुस्ती', प्रायॉरिटी एक. मग 'विलासचं पर्मनंट लेटर'. तीही एक!

एंटर दाबलं. बाहेर आलं, 'एसी दुरुस्ती'.

"बरोबरीत कोण आधी, ते तूच ठरवलंस ना?" सरांनी विचारलं. "एक ओळ बदलली असतीस तर तुझं लेटर आधी आलं असतं!"

विलास म्हणाला, "सर, एसी आधी आला होता."

सरांनी रुमाल काढून मान पुसली. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मग त्यांनी फोन उचलून एसीवाल्याला लावला.

"हॅलो, आज येऊ नका, उद्या या. आज एका माणसाचं लेटर टाइप करायचंय."