घासलेल्या चकत्या

काशीमीऱ्याला हायवेच्या मागच्या बाजूला आमच्या सरांचा चाचण्यांचा गाळा आहे. मी तिथे साफसफाईला लागले आणि हळूहळू चकत्या मांडायचं-उचलायचं कामही माझ्याकडे आलं. चकत्या म्हणजे तळहातावर मावतील अशा काळ्या, जाड वड्या. आवाजाच्या पाचपटीहून जास्त वेगाने जे उडतं, त्याच्या नाकावर कुठला लेप टिकेल, ते आधी जमिनीवर बघायचं असतं. मला वाटायचं, हवा घासून ते तापतं. लेप बनवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "घासूनही तापतं मावशी, पण समोरची हवा दाबली जाते ना, त्याने जास्त." मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत.

चकतीचं आधी वजन करतात. मग ती गॅसच्या ज्योतीसमोर धरतात आणि थंड झाली की परत वजन. जितकं कमी भरेल, तितका लेप उडाला. टिकलेला लेप पुढे दुसऱ्या शहरात मोठ्या चाचणीला जातो.

त्या दिवशी मॅडमनी स्वतः बनवलेल्या लेपाच्या तीन चकत्या होत्या. वर्षभर त्या त्याच्याच मागे होत्या. दोन चकत्या ज्योतीपुढे धरून झाल्या आणि सिलिंडर संपला. नवा आणायला ज्योत धरणारे भैया गेले, मॅडम फोनवर बोलत बाहेर गेल्या. मी टेबल पुसत होते. थंड झालेल्या चकत्यांवर काळी, भुसभुशीत खरपुडी होती. करपलेलं पातेलं दिसलं की माझा हात थांबत नाही. काथ्याने दोन्ही घासल्या, फडक्याने पुसून जागेवर ठेवल्या.

मॅडमनी येऊन वजन केलं. पुन्हा केलं. फारच कमी भरलं. भैया काट्यात डोकावून म्हणाले, "मॅडम, ये तो पापड निकला!"

मॅडम स्टुलावर बसल्या. "गेला माझा लेप. सरांना सांगते, हे काम बंद करूया."

मला कुणी विचारलं नव्हतं. मी चारचौघांत बोलणारी नाही. मी राहते त्या पूनम सागरला सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा सही करून घरी येते. मॅडमनी फोन हातात घेतला तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, मी घासल्या."

"काय घासलंत?"

"चकत्या. काथ्याने."

"दोन्ही?"

"दोन्ही."

भैया हसायला लागले. "मावशी, बर्तन समझ लिया क्या?"

मॅडम हसल्या नाहीत. "अहो, ती जळलेली खरपुडीच तर आतल्याला वाचवते! विचारायचं ना!"

"हो," एवढंच मी म्हटलं.

तिसरी चकती उरली होती. नवा सिलिंडर लावून ती ज्योतीपुढे धरली. मी लांब, दाराशी उभी राहिले. मॅडमनी ती चिमट्याने उचलून काट्यावर ठेवली आणि बराच वेळ आकड्याकडे बघितलं. "थोडंच गेलंय," त्या भैयांना म्हणाल्या. पण एका चकतीवर कुणी विश्वास ठेवत नाही, तीन लागतात.

मग त्यांनी सरांना फोन केला. "सर, चाचणीत आमच्याकडून चूक झाली. लेप ठीक वाटतोय. दोन चकत्या नव्याने करते." चूक कुणाची, ते सरांनी विचारलं असावं. मॅडम परत म्हणाल्या, "आमच्याकडून."

फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "उद्या लवकर या. चकत्यांचे साचे तुम्हीच भरायचे. किती मेहनत घासून काढलीत ते कळू दे."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या रिक्षाने गेले. दोन साचे भरेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली होती.