नथ्थू मिस्त्रीने धुतलेली पावरी

कार्तिक सरत आला होता. रात्रभर सातपुड्याकडून गार वारा वाहिला होता आणि रनाळ्याच्या कपाशीवर एवढं दव पडलं होतं, की वेचणीला गेलेल्या बायांची लुगडी पहिल्याच ओळीत गुडघ्यापर्यंत भिजली. उजाडलं तसं गाव कामाला लागलं. कुणी बैल पाण्यावर नेले, कुणी खळं सारवायला घेतलं. नथ्थू सुताराच्या दारात दलसिंग पाटलाच्या गाडीचं चाक चार दिवसांपासून आरे निखळून पडलं होतं, आणि नथ्थू सुतार ओसरीवर बसून रिठ्याच्या पाण्यात एक भोपळा धूत होता.

"आयका का, भाजी करनी शे का त्यानी?" त्याच्या बायकोने, रुखमाबाईने विचारलं.

नथ्थूने उत्तर दिलं नाही. अडाण्यांना उत्तर द्यायचं नाही, असा त्याचा नियम होता. आणि त्याच्या मते रनाळ्यात तो सोडून सगळेच अडाणी असल्यामुळे त्याला दिवसभर फारसं बोलावं लागत नसे.

तसा माणूस हाताचा पक्का होता, हे त्याचा दुष्मनही नाकारत नसे. नथ्थूने बसवलेलं चाक नंदुरबारपर्यंतच्या खड्ड्यांतून दहा वर्षं कुरकुर न करता फिरायचं. पण जे चांगलं येतं त्याची माणसाला किंमत नसते. विशीत असताना तो बडोद्याला एका हवेलीत दारं बसवायला गेला होता. पलीकडच्या दालनात कुणी बीन, म्हणजे रुद्रवीणा, वाजवत होतं. ऐकणाऱ्याचा जीव हलावा असं ते वाजवणं होतं म्हणतात. नथ्थूच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. दाराच्या फटीतून बिनेवरचं हस्तिदंती नक्षीकाम मात्र दिसलं, आणि ते त्याच्या डोक्यात कायमचं जाऊन बसलं. तो घरी परतला तो मिस्त्री होऊन. सुतार म्हटलेलं त्यानंतर त्याला चालेना.

बाजूच्या अंगणातली लाकडाची पडवी पुढच्या वीस वर्षांत वाद्यांनी भरली. फिरत्या नाटकवाल्यांनी टाकून दिलेली पेटी, तिचा भाता उंदरांनी खाल्लेला. धुळ्याहून आणलेलं पोलिसांचं बिगुल, तोंडाशी चेपलेलं. कातडं फाटलेले संबळ, गळा मोडलेली सारंगी, एका भिक्षेकऱ्याला नवी काठी देऊन घेतलेली किंगरी. शिवाय स्वतः घडवलेल्या वस्तू निराळ्याच. त्याने पाच तारांचं तुणतुणं केलं होतं. ते एकाने धरायचं आणि दुसऱ्याने वाजवायचं. दुसरा कुणी कधी मिळाला नाही. रॉकेलच्या डब्याला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून त्याने एक सारंगीही केली होती. तिच्यावर गज फिरवला की शेजारची शेळी पान्हा चोरते, अशी तक्रार होती.

यातलं एकही वाद्य नथ्थूला वाजवता येत नसे. वाजवणं हे त्याला हलकं काम वाटे. "वाजाडनारा ते गल्लीगल्लीमा शेतस," तो म्हणे. "बनाडनारा कोठे शे?"

गावातल्या भजनी मंडळाने एकदा त्याच्याकडे वीणा दुरुस्तीला दिली होती. त्याने तिला सुंदर पॉलिश करून दिलं. पॉलिश एवढं जाड होतं की वीणा आतल्या आत घुसमटली. मंडळाने नवी वीणा आणली आणि नथ्थूने मंडळाला अडाण्यांच्या यादीत टाकलं. तेव्हापासून त्याच्या पडवीतलं वाद्य पडवीतच राहिलं. वीस वर्षांत त्याच्या हातचं एकही वाद्य कुणी चार माणसांत वाजवलं नव्हतं. हे तो कुणाला बोलून दाखवत नसे; रुखमाबाई मात्र न चुकता दाखवी.

म्हणून हा भोपळा एवढा महत्त्वाचा होता.

तो होता पावरीचा. वर लांब मानेचा भोपळा, त्यात खोचलेल्या बांबूच्या दोन नळ्या, खाली बैलाचं शिंग, आणि सगळं मधमाशांच्या मेणाने जोडलेलं. भोपळ्यात फुंकायचं आणि नळ्यांवर बोटं नाचवायची. ही पावरी बारक्याची होती. चिंचपाड्याच्या वरच्या डोंगरातला हा कोकणी आदिवासी, आपल्या पाड्याचा पावरी वाजवणारा. त्याच्या पाड्यावर डोंगऱ्या देवाचा उत्सव पाच वर्षांतून एकदा येई, आणि तो या मार्गशीर्षाच्या पुनवेला होता. पावरी बोलली की नाचणाऱ्यांचे पाय उठतात, पावरी नाही तर देव नाही, एवढा साधा हिशेब. आणि बारक्याच्या बापाच्या या पावरीचा भोपळा उन्हाळ्यात बोटभर तडकला होता.

एरवी बारक्याने नवा भोपळा लावून घेतला असता. पण त्या वर्षी पाऊस लांबला आणि वेलावरचे भोपळे वेलावरच सडले. त्यात चिंचपाड्याला सागाची लाकडं घ्यायला आलेल्या नथ्थूने त्याच्यासमोर एका गाडीचा मोडका आस हां हां म्हणता बसवून दिला. ज्याला आस कळतो त्याला भोपळा कळणारच, असं बारक्याला वाटलं. इथे तो चुकला.

"चीर बुजाडी दे फक्त," बारक्याने सांगितलं होतं. तो घरी आपल्या जमातीची कोकणी बोले, पण बाजाराची अहिराणी त्याला येत होती. "आन मी येवालोंग चुल्हावर टांगी ठेव. धूर लागू दे."

नथ्थू गालातल्या गालात हसला होता. धूर! बडोद्याच्या बिनेला कुणी धूर देतं का? गावठी ते गावठी.

तर त्या सकाळी त्याने तीस वर्षांचा धूर रिठ्याने धुऊन काढला. काजळी निघेना तेव्हा काचेच्या तुकड्याने खरवडली. खालून पिवळाधमक भोपळा निघाला, तेव्हा त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"मी सांगस, धूर खायेल भोपळाले किडा लागत नही, सर्दी लागत नही," रुखमाबाई म्हणाली. "तेवढी अक्कल चुल्हापुढे बसनारीले बी शे."

"तू तुन्हा चुल्हा संभाळ."

"तोच संभाळस म्हनीसन तुम्ही जेवतस."

एवढ्यात दलसिंग पाटील दारात येऊन उभा राहिला. त्याने आधी आपल्या चाकाकडे पाहिलं, मग भोपळ्याकडे.

"काय मिस्तरी, मन्हं चाक कोणता सूरमा वाजी ऱ्हायनं?"

"पाटील, चाक काय, कोनी बी करी."

"मंग तूच कर ना बाप्पा! कोनी बी म्हंजे तू बी उनाच ना त्यामा!"

रुखमाबाई पदराआड हसली. नथ्थूने चाकाला हात लावला, तोही दोन दिवसांनी, आणि चाक बसलं ते नेहमीसारखं चोख. त्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. त्याचा सगळा जीव पावरीत होता.

चीर त्याने बुजवली, पण तेवढ्यावर थांबला तर तो नथ्थू कसला! मेण पाहून त्याला शिसारी आली. बोटांचे ठसे उमटलेलं, काळं, मऊ मेण! ते त्याने सगळं काढलं आणि लाख तापवून प्रत्येक सांधा असा भरला की सुई शिरू नये. नळ्यांच्या आत बांबूच्या चिरून केलेल्या दोन बारीक जिभा होत्या. त्या थरथरल्या की पावरी बोले. नथ्थूने त्या चिमटीत धरून पाहिल्या, "सडेल काड्या" म्हणाला आणि चुलीत टाकल्या. त्यांच्या जागी मेलेल्या पेटीच्या पितळी पत्त्या घासूनपुसून बसवल्या. शिंगाला पॉलिश केलं. भोपळ्याला अळशीचं तेल चोळलं. शेवटी पडवीच्या मधोमध खुंटीला टांगून तो तिच्यासमोर एक अख्खी दुपार बसून राहिला. आता डोंगरातली दोनशे माणसं आपल्या हातच्या वाद्यावर नाचणार, या विचाराने त्याला जेवणही गोड लागेना.

पुनवेला दोन दिवस उरले असताना बारक्या आला. नंदुरबारपर्यंत आगगाडीने आणि पुढे पायी. खांद्यावर घोंगडी, कमरेला विळा. नथ्थूने पावरी त्याच्या हातात दिली ती नवरदेवाच्या हाती नवरी द्यावी तशी.

बारक्याने ती उलटीपालटी केली. हुंगली.

"हाई कोनी शे?" त्याने विचारलं.

"तुन्हीच! वळखू नही येत ना?" नथ्थू खुशीत म्हणाला.

"नही येत," बारक्या म्हणाला.

त्याने भोपळ्याला तोंड लावलं आणि फुंकर घातली. आवाज आला. मोठा आला, खणखणीत आला. शाळेतल्या प्रार्थनेच्या पेटीसारखा, सरळ, कोरडा. बारक्याने डोळे उघडे ठेवूनच वाजवलं. मग सवयीने त्याचा अंगठा नळीच्या सांध्यावर गेला आणि दाबू लागला. सांधा हलला नाही. त्याने जोर दिला.

"दाबी काबरं ऱ्हायना? सूर बराबर लायेल शे!" नथ्थू ओरडला.

"सूर एक जागावर बसत नही, मिस्त्री," वाजवणं थांबवून बारक्या म्हणाला. "थंडी पडनी की उतरस. आगटी जोडे गया की चढस. नाचनारा दमनात की त्यास्ना संगे चालना पडस. मेन ऱ्हास ते अंगठानी सरकाडतस. हाई ते भिताड करी टाकं तू."

आणि त्याने पुन्हा अंगठा दाबला, या वेळी मुद्दाम. लाखेचा टवका उडाला. खरवडून पापडासारखा झालेला भोपळा त्यासरशी मानेपासून बुडापर्यंत उभा तडकला.

बारक्या तिथेच उकिडवा बसला. तो शिव्या देईल, विळा काढील, असं नथ्थूला वाटलं. तसं झालं असतं तर त्याला ते सोपं गेलं असतं. बारक्या फक्त म्हणाला, "बापनी व्हती. आन परवा पुनव शे."

"जिभा कोठे शेत?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"कोनत्या?"

"बांबून्या."

नथ्थूने पडवीच्या कुडाकडे पाहिलं. उत्तर रुखमाबाईने दिलं. "चुल्हामा घाल्यात त्या, भाऊ. माले पाणी तपाडाले कामात उन्यात." एवढं बोलून ती आत गेली आणि चुलीवरच्या आढ्याला टांगलेला एक काळाकुट्ट, लांब मानेचा भोपळा घेऊन आली. त्यात ती भेंडीचं बी ठेवत असे. बी तिने पदरात ओतून घेतलं. "हाऊ चाली का देख."

बारक्याने भोपळ्यावर टिचकी मारली. पुन्हा मारली. "चाली."

मग तो कामाला बसला. नथ्थूने आपली बारीक पटाशी पुढे केली. बारक्याने ती न बघताच बाजूला सारली आणि विळ्याने भोपळ्याला भोकं पाडली. नथ्थूने कानस आणून दिली; तीही पडून राहिली. जुन्या पावरीच्या नळ्या आणि शिंग त्याने लाखेतून सोडवून घेतलं. पितळी पत्त्या काढून नथ्थूच्या मांडीजवळ ठेवल्या. दारच्या बांबूची एक काडी चिरून दोन जिभा केल्या, एकेक ओठांत धरून पाहिली, पुन्हा तासली. धोतराच्या गाठीत मेणाचा गोळा होताच. तो काखेत धरून मऊ केला आणि अंगठ्याने सांध्यांवर थापला. एक वाकडा, काळा, ठशाठशांचा प्रकार तयार झाला. ज्या कामाला नथ्थूने पंधरवडा घातला होता त्याला पान खाऊन थुंकायला लागावा एवढा वेळ लागला, असं रुखमाबाईने नंतर गावभर सांगितलं. खरं म्हणजे उन्ह ओसरीच्या पायरीवरून उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

बारक्याने फुंकर घातली. पहिल्यांदा नुसतीच फरफर झाली. अंगठा सरकला. मग आत कुठे तरी एक आवाज जागा झाला, दुसरा त्याला येऊन चिकटला, आणि दोन्ही मिळून अंगणात गरगरू लागले. वेचणीवरून परतणाऱ्या बाया डोक्यावरचं कापसाचं गाठोडं तसंच धरून गल्लीत थबकल्या. रुखमाबाईचा डावा पाय आपोआप पुढे आला. तिच्या ध्यानात आल्यावर तिने तो मागे घेतला. बारक्याचे डोळे आता मिटलेले होते.

नथ्थू ऐकत होता. बडोद्यानंतर पहिल्यांदाच बहुतेक. आणि त्याला ते आवडलं, हीच त्याची खरी फजिती होती.

"दोन्ही नळ्या सारख्या बोलत नहीत," वाजवणं थांबल्यावर तो म्हणाला. काही तरी म्हणायलाच हवं होतं.

"नही बोलत," बारक्या म्हणाला. त्याने पावरी घोंगडीत गुंडाळली. "माय, याना बदलामा तुले भोपळानं बी धाडसू," असं रुखमाबाईला सांगितलं आणि उठला. तडकलेला पिवळा भोपळा तिथेच पडला होता.

"आन हाऊ?" नथ्थूने विचारलं.

बारक्याने उघड्या पडवीत पाहिलं. भाता फाटलेली पेटी, चेपलेलं बिगुल, पाच तारांचं तुणतुणं, सगळ्यांवरून त्याची नजर हळूहळू फिरली. "ठेवी ले," तो म्हणाला. "तठे शोभी."

तो गेला. घाईत होता; संध्याकाळची गाडी गाठायची होती. गल्लीच्या वळणापर्यंत त्याच्यामागे बाया हसत-बोलत गेल्या, मग तेही थांबलं.

नथ्थू पितळी पत्त्या हातात घेऊन बसला होता. त्याला कुणी तरी काही विचारावं, असं पहिल्यांदाच वाटत होतं.

"आयका का," आतून रुखमाबाई म्हणाली, "घट्याना खुटा हाली ऱ्हायना. दळानं पडेल शे."

तो उठला. जात्याचा जुना खुंटा उपटून काढला, बाभळीचा एक तुकडा निवडला, वाकसाने त्याची साल काढली आणि मांडी घालून तासायला बसला.