पिवळा वास, तांबडा वास

आमच्या कडेगावच्या घरात वासांना रंग होते. ‘हिरवा वास गेला की भाजी उतर’, ‘कांद्याला तांबडा वास सुटू दे’, असं आई सरळ म्हणायची. सगळं जग असंच बोलतं, असा माझा समज होता. सांगलीला विश्रामबागेत कॉलेजला आल्यावर मैत्रिणींनी यावरून माझी भरपूर फिरकी घेतली.

आईला दिसेनासं झालंय हे आम्हाला उशिरा कळलं, तेही या वासांमुळेच. घरात वहिनी भाकरी थापायची, पण भाजी-आमटी आईचीच. ती नुसत्या नाकाच्या भरवशावर रांधत होती आणि चवीत कणभर फरक नव्हता.

गेल्या संक्रांतीला मी सांगलीहून हळदीपासून केलेलं कुंकू हौसेनं नेलं आणि कोयरीत भरून ठेवलं. दुकानातल्या कुंकवाच्या वासाला आई तांबडा म्हणायची. याला मात्र हळदीचाच वास होता. हळदी-कुंकवाला बायका जमल्या. आई शेजारच्या काकूंसमोर बसली, कोयरी नाकाशी नेली आणि थबकली. हळदीच्या आणि कुंकवाच्या, दोन्ही वाट्यांतून पिवळाच वास. तिनं पुन्हा हुंगलं. मग अंदाजानं बोट बुडवलं. काकूंच्या कपाळावर आधी कुंकू लागलं आणि त्यावर हळद.

“आवं, उलटं झालं की!” काकू हसल्या. बाकीच्याही हसल्या. आई हसली नाही. तिचं बोट तसंच वर राहिलं होतं.

बायका गेल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, “मोतीबिंदू हाय, म्हाईत हाय मला. पर एकदा दिसत न्हाई म्हणलं की चुलीपास्नं उठवत्यात. मग मी घरात हाय कशाला?”

तरी मी तिचं ऑपरेशन करवलं. डॉक्टरांनी काही दिवस धूर आणि वाफ टाळायला सांगितलं, आणि भाजी-आमटीही वहिनीकडे गेली. आई काळा चष्मा लावून बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायची. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

एका सकाळी आत फोडणी तडतडली. आई एकदम ताठ झाली.

“अगं, लसणाला काळा वास सुटाय लागला, उतर!”

“व्हय आत्या, उतरलं!” आतून वहिनी म्हणाली. थोड्या वेळानं तिनंच हाक दिली, “आत्या, आता कांदा घातलाय. तांबडा वास सुटला की सांगा.”

आईनं चष्मा सारखा केला आणि मला म्हणाली, “माझी खुर्ची तिकडं सैपाकघराच्या दाराजवळ घे.”