लाडवांचा डबा आणि नऊ नंबर

परदेशात, हॅमिल्टनला, मुलाकडे राहायला आल्यापासून दर शनिवारी सकाळी नातीच्या फुटबॉलला जाणं हेच माझं देवदर्शन झालं आहे. धुकं इतकं, की पोरी दिसतच नाहीत, नुसता कोचचा आवाज येतो. हा कोच इटालियन, साठी उलटलेला, एका गुडघ्याने अधू. तरुणपणी स्ट्रायकर होता. म्हणजे दहा जणांनी धावून धावून बॉल पुढे आणायचा आणि याने शेवटी पाय लावून नाव मिळवायचं. आमच्याकडे अशा माणसाला थोरले जावई म्हणतात.

बारा वर्षांच्या नातीला नऊ नंबरचा शर्ट हवा होता, म्हणजे स्ट्रायकरचीच जागा. त्यासाठी तिने गॅरेजच्या दाराला बॉल मारून मारून पोचे पाडले होते. शेवटच्या मॅचचा संघ गुरुवारी जाहीर व्हायचा होता. म्हणून मी सोमवारी बेसन भाजायला घेतलं.

मला या क्षेत्रातला अनुभव होता ना. पुण्यात चौतिसाव्या वर्षी मी जगातली सर्वांत मुत्सद्दी बाई होते, निदान माझ्या एकटीच्या मते. मुलाला शाळेच्या टीममध्ये घ्यावं म्हणून इस्त्रीची साडी नेसून मी खेळाच्या सरांच्या घरी लाडवांचा डबा घेऊन गेले होते. ‘इकडून चालले होते, म्हटलं सहज डोकवावं.’ सरांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, पण असल्या बारीकसारीक गोष्टींत तेव्हाची मी पडत नसे. मुलाला गोलकीपर केलं. पहिल्याच मॅचमध्ये त्याने सात गोल खाल्ले. पुढे पोरं त्याला ‘लाडू’ म्हणायला लागली, आणि मी आळीभर सांगत सुटले, किती जीव लावतात हो माझ्या बाळाला.

तर मंगळवारी प्रॅक्टिस संपल्यावर मी कोचच्या टेबलावर डबा ठेवला. तुपातले आहेत म्हटलं, आणि लगेच, पोरगी धावते छान. त्याने झाकणाला हात लावला नाही. उलट मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतःचीच कथा सांगितली.

त्याचे वडील चीज बनवायचे. याच्या पंधराव्या वर्षी क्लबची निवड होती, तेव्हा त्यांनी जात्याएवढं चीज नेऊन तिथल्या कोचच्या दारात ठेवलं. दुसऱ्या दिवशी याचं नाव यादीत. पुढे खालच्या डिव्हिजनमध्ये अकरा वर्षं खेळला. गोल केला की लोक नाव घ्यायचे, हुकला की अख्खं मैदान ‘चीज, चीज’ ओरडायचं. मग गुडघा गेला. तीन क्लबांनी कोच म्हणून नेमलं आणि तिघांनीही काढलं. शेवटी इथे राहणाऱ्या आपल्या मुलीकडे आला.

“माझं नाव यादीत आधीपासून होतं का, हे मला आजही माहीत नाही,” तो म्हणाला. “तो कोच गेला, बाबाही गेले. विचारू कोणाला?”

मग त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. नऊ नंबरपुढे माझ्या नातीचं नाव.

“हे रविवारीच लिहिलंय. आता डबा घेतला तर खोडावं लागेल. काय करू, नोन्ना?”

नोन्ना म्हणजे त्यांच्याकडची आजी. या नोन्नाने डबा पिशवीत टाकला, तो अशा चपळाईने की मीच स्ट्रायकर शोभले असते.

गाडीत मी मुलाला विचारलं, “तुला शाळेत पोरं लाडू का म्हणायची रे?”

त्याने राउंडअबाउटला उगाच दोन वळसे घातले. “आई, अख्ख्या शाळेला माहीत होतं.”

मागे नातीने हेडफोन काढले. “व्हॉट लाडू, आजी?”

आता थाप मारणं मला काही अवघड नव्हतं. पण चीज आठवलं. सांगितलं, नेले होते, त्याने घेतले नाहीत, तुझं नाव त्याने आधीच लिहिलं होतं.

“यू सॉ इट?”

“या डोळ्यांनी.”

ती “स्वीट ॲज”, म्हणजे इकडच्या पोरांच्या भाषेत झकास, म्हणाली आणि हेडफोन परत चढवले.

शनिवारी तिने मोकळ्या गोलसमोर दोन बॉल बाहेर घालवले. हरलो. मैदानावरून कोणी काही ओरडलं नाही. कोच लंगडत माझ्याकडे आला आणि हात पुढे केला. “आता द्या तो डबा.” पिशवीत होताच. दोन लाडू त्याने उभ्या उभ्या संपवले, एक सोडून बाकीचे पोरींनी.

माझा मुलगा कित्येक वर्षं लाडू खात नाही. मला वाटायचं, शुगरला जपतो. शेवटचा उरलेला त्याच्यापुढे धरला, तर त्याने अर्धा मोडून घेतला.

“बेसन जरा कच्चं राहिलंय,” म्हणाला.

मुळीच राहिलं नव्हतं. पण मी उरलेला अर्धा तोंडात टाकला.