मागच्या डाव्या चाकाची हवा

मोठी चादर अर्धीच पिळून झाली होती. एक टोक बादलीत, दुसरं काकूंच्या हातात, आणि पाणी कोपरावरून ओघळून पदरात चाललेलं. कपडे धुवायचं यंत्र रिकामं असताना चादर हाताने धुवायचं काही कारण नव्हतं. पण मनाला काही टोचत असलं की काकू असं एखादं जड काम अंगावर ओढून घेत, आणि गेले कित्येक दिवस घरातलं एकही पांघरूण धड वाळू शकलं नव्हतं.

काकू म्हणजे कुणा पुतण्याच्या काकू नव्हेत. त्यांचा नवरा मोटार चालवायला शिकवायचा. सगळे त्याला सर म्हणत, म्हणून या काकू. फोनवर तासांच्या वेळा देणं, दाराबाहेरच्या बाकावर थांबलेल्यांना पाणी विचारणं, परीक्षेच्या सकाळी हातपाय गळालेल्यांना धीर देणं, हे काकूंचं खातं. ‘देवाचं नाव घ्या आणि क्लच हळू सोडा,’ असं त्या प्रत्येकाला सांगत. त्यातल्या पहिल्या अर्ध्याची फी मी घेत नाही, असं सर वर म्हणत.

मुलं आपापल्या संसाराला लागल्यावर सरांनी काकूंनाही शिकवलं होतं. लायसन्स आलं, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि ते कपाटात कपड्यांच्या घडीखाली जाऊन पडलं. कारण शिकवायची गाडी ही पोटाची गाडी. तासाखेरीज तिला कुणी हात लावायचा नाही हा सरांचा नियम, आणि स्वतः सरसुद्धा भाजी आणायला पायीच जात.

तो नियम काकूंनी मोडला तो प्रवचनासाठी. सर दुपारचे आडवे झाले होते, बस डोळ्यांदेखत निघून गेली होती, आणि किल्ली खुंटीवर लटकत होती. जाताना सगळं सुरळीत झालं. प्रार्थनेच्या सभागृहापाशी गाडी लावायला मागे घेताना मागचं डावं चाक फुटपाथच्या दगडी कडेवर असं आदळलं, की काकूंचे दात दातांवर बसले. उतरून पाहिलं तर टायर शाबूत दिसत होतं, चाकावरच्या झाकणाला मात्र लांबलचक ओरखडा. आत जाऊन बसल्या तेव्हा प्रवचन नेमकं खरं बोलण्यावर चाललं होतं. काकूंनी डोळे मिटून देवाला सगळं सांगून टाकलं. देवाला सांगून झाल्यावर मन इतकं हलकं झालं, की नवऱ्याला सांगायचं त्यांनी उद्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारासमोर झाडताना त्यांना ते चाक बसलेलं दिसलं. फुटलेलं नव्हतं, नुसतं खाली दबलं होतं, कापूस दबलेल्या उशीसारखं. हवा रात्रभर कुठूनतरी हळूहळू निसटत होती. सर उठले की चहाआधी गाडीभोवती फेरी मारत आणि डॉक्टरने नाडी पाहावी तसा चारही चाकांवर हात ठेवत. काकूंनी डिकीतून पायाने दाबायचा पंप काढला, आवाज होऊ नये म्हणून त्याच्याखाली पायपुसणं घातलं, आणि चाक घट्ट होईपर्यंत दाबत राहिल्या. आजचा दिवस निभावला, असं म्हणाल्या. मग दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाल्या. होता होता तो नेमच झाला: आधी हवा, मग जप. जपाला बसत तेव्हा धाप लागलेली असे, आणि देवाचं नाव तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडे.

त्यांना वाटलं, यात कुणाचं काय जातंय?

जात होतं शिवणवालीचं. मागच्या गल्लीत कपडे शिवणारी ही बाई, नवरा गेल्यापासून एकटीच्या हातावर घर. डोळे आता दोऱ्याला साथ देत नव्हते. दवाखान्यातले कपडे धुलाईला नेणाऱ्या गाडीवर तिला नोकरी मिळायची होती, फक्त लायसन्स हवं होतं आणि परीक्षा तोंडावर आली होती. दिवसभर शिवण असल्यामुळे तिचा तास सगळ्यात शेवटचा. तो संपवून सर गाडीतून उतरत, तर ते चाक बसलेलं. सर पेट्रोलपंपावर जाऊन हवा भरून आणत आणि रात्री जेवताना डोकं लढवत. पंक्चर म्हणावं तर रात्रीतून चाक बसायला हवं. सकाळी तर ते दगडासारखं घट्ट असतं. म्हणजे पंक्चर नाही. म्हणजे ही बाई वळणावर चाक कडेला घासते, त्या दणक्याने टायर रिंगपासून सुटतं आणि हवा जाते. झाकणावर ओरखडा होताच, मग आणखी पुरावा कशाला हवा? काकू खाली मान घालून वाढत राहिल्या. पहाटे पायपुसण्यावर उभं राहून तो सगळा पुरावा आपणच रचतोय, हे त्यांना त्या ताटावर पहिल्यांदा कळलं. तरी दुसऱ्या पहाटे त्यांनी पंप काढलाच.

आणि आज चादर अशी लोंबकळत असताना तीच शिवणवाली मागच्या दाराने आली. तास नव्हता, वेळ नव्हती. तिने काही न विचारता चादरीचं दुसरं टोक उचललं आणि दोघी दोन बाजूंनी पीळ द्यायला लागल्या. सर परीक्षेला बसवणार नाहीत म्हणाले, असं तिने पिळता पिळता सांगितलं. आधी कडेला घासणं थांबव, नाहीतर कुणाला तरी मारशील, असंही म्हणाले.

‘‘तू नीट चालवतेस गं,’’ काकू म्हणाल्या.

‘‘तुम्ही कधी बसलात माझ्या शेजारी?’’ ती हसली, पण डोळे भरून आले होते. ‘‘मी आधी भांडणार होते काकू. मला एकदाही दणका जाणवला नाही. पण सर खोटं कशाला बोलतील? घासत असेन मी, मलाच कळत नसेल. ज्याला कळतच नाही त्याने गाडी चालवू नये. मी नोकरीवाल्यांना नाही म्हणून सांगून टाकते उद्या.’’

काकूंच्या हातातला पीळ सुटला. सांगावं म्हणून तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते एवढंच, की उद्या सकाळपर्यंत कुणाला काही सांगू नकोस. ती गेली. चादर दोरीवर गेलीच नाही, बादलीत तशीच पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी काकू नेहमीसारख्या उठल्या, झाडलं, डिकीपाशी गेल्या आणि परत आल्या. जपालाही बसल्या नाहीत. पायरीवर बसून राहिल्या.

सर बाहेर आले, फेरी मारली, मागच्या डाव्या चाकापाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले.

‘‘अगं, हे तर रात्रीतून बसलंय.’’

‘‘रोजच बसतं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘मी भरते. तुम्ही उठायच्या आत.’’

मग त्यांनी प्रवचन, किल्ली, दगडी कड, सगळं एका दमात सांगितलं. सर ओरडतील असं त्यांनी गृहीत धरलं होतं आणि तसं झालं असतं तर बरंही वाटलं असतं. पण सर तिथेच जमिनीवर मांडी घालून बसले आणि चाकावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवत राहिले.

‘‘मला विचारलं असतंस तर मी नेलं नसतं का प्रवचनाला?’’ ते म्हणाले. आणि मग, जास्तच हळू, ‘‘त्या बाईला मी काय काय बोललो गं. ती मान हलवत होती. मला वाटलं, कबूल करतेय.’’

सर उठले, गाडी टायरवाल्याकडे नेतो म्हणाले, तिच्या परीक्षेचंही मी बघतो म्हणाले. किल्ली घेऊन पुन्हा वळले.

‘‘पण तिच्या घरी आधी तू जायचंस. मी मागून येतो.’’

काकूंनी मान डोलावली. बादलीतल्या चादरीला आंबूस वास यायला लागला होता. तिच्याकडे बघून त्यांनी पदराला हात पुसले, चपला घातल्या, आणि शिवणवालीला खरं सांगायला त्या मागच्या गल्लीकडे निघाल्या.