रिकाम्या बसचा ब्रेक

डेपोत त्याला सगळे कासव म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे आणि तो कधी रागवायचा नाही. पिवळा दिवा दिसला की बाकीचे ड्रायव्हर पाय दाबतात, हा उचलायचा. मागून प्रवासी कुरकुरायचे, घड्याळं दाखवायचे. एका बाईने तर एकदा भर बसमध्ये विचारलं होतं, "भाऊ, मी उतरून ढकलू का?" हा आरशात बघून हसला आणि त्याच चालीने गाडी नेत राहिला. इतक्या वर्षांत त्याच्या बसला साधा ओरखडा नव्हता. नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. आणि नेमकं त्याच्याच चाकाखाली पोर यावं! ज्यांना यातही कसला तरी न्याय दिसतो त्यांनी तो खुशाल बघावा.

शाळा-ऑफिसच्या वेळेची सकाळची फेरी होती. बस इतकी भरलेली की कंडक्टरला तिकिटं द्यायला हात वर करता येत नव्हता. रस्ता धुणारी गाडी नुकतीच पुढून गेली होती, त्यामुळे डांबर ओलं होतं. चौकाच्या अलीकडे एक टेम्पो उभा होता. पलीकडच्या फुटपाथवर मैत्रीण दिसली म्हणून एक शाळकरी मुलगी आईच्या हातातून हात सोडवून टेम्पोच्या आडून धावत सुटली. कासवाने ब्रेकवर अक्षरशः उभं राहून पाय दाबला. मागे माणसांवर माणसं पडली. बस थांबली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

रीतसर चौकशी झाली. साहेबांनी रस्त्यावर टेप धरून अंतर मोजलं, कंडक्टरचे आणि प्रवाशांचे जबाब घेतले. निकाल असा लागला की वेग कमी होता, ब्रेक वेळेवर लागला होता आणि तेवढ्या अंतरात भरलेली बस ओल्या रस्त्यावर कुणाच्या बापाला थांबवता आली नसती. ड्रायव्हरचा दोष नाही. बायकोने हे ऐकलं तेव्हा तिच्या जिवात जीव आला. त्याच्याही आला, थोडासा. रात्रंदिवस तो "दोष नाही" हे दोन शब्द मनात म्हणत राहायचा. पडणाऱ्या माणसाने भिंत धरावी तसे ते त्याने धरले होते. डेपोत मात्र आता त्याला कासव म्हणून कुणी हाक मारेना. सगळे जपून, अदबीने बोलायचे आणि त्याला ते शिवीपेक्षा जास्त लागायचं.

अपघात झालेल्या ड्रायव्हरने गाडीवर परत बसण्याआधी सिम्युलेटरवर सराव करायचा, असा डेपोचा नियम होता. वर्कशॉपच्या मागे जुन्या टायरच्या खोलीत ते यंत्र बसवलं होतं. ड्रायव्हर मंडळी त्याला खोटी बस म्हणायची. सीट खरी, स्टिअरिंग खरं, पायाखालचे पेडल खरे. काचेच्या जागी मात्र तीन मोठे पडदे आणि त्या पडद्यांवर एक शहर. त्या शहरात एकाच जातीचं झाड सगळीकडे लावलेलं होतं, दुकानांच्या पाट्यांवर अक्षरं नव्हती, आणि एकच बाई तीच पिशवी घेऊन प्रत्येक गल्लीत भेटायची. ब्रेक मारला की सीट गचका द्यायची. नवशिक्यांना त्या गचक्यांनी गरगरायचं, म्हणून दाराशी एक बादली कायमची ठेवलेली होती.

हे सगळं चालवणारी मुलगी कासवाच्या लेकीपेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठी. सगळे तिला मॅडम म्हणायचे आणि ती सगळ्यांना काका. कामाला चोख, स्वभावाने मऊ.

"काका, एक धडा आडून येणाऱ्या मुलाचा आहे," ती पहिल्याच दिवशी चाचरत म्हणाली. "तो आपण गाळू. मी सांगेन साहेबांना."

"लावा," तो म्हणाला.

पडद्यावर चौक आला. उभी गाडी आली. तिच्या आडून लाल फ्रॉकची एक चित्रातली मुलगी धावत आली. त्याने ब्रेक दाबला. बस थांबली. मुलगी आणि बस यांच्यात चांगलं हातभर अंतर उरलं. मुलगी पळत पलीकडे गेली, फुटपाथवर चढली आणि दिसेनाशी झाली. कासव घामाने निथळला होता.

"मस्त, काका!" मॅडमने टाळी वाजवली.

"परत लावा."

परत थांबली. तिसऱ्यांदाही थांबली. दुसऱ्या दिवशी तो वेळेच्या आधीच दाराशी येऊन उभा राहिला आणि त्याने तोच धडा मागितला. मग रोजच. मॅडमला वाटलं, माणूस सावरतोय. घरीही तसंच वाटलं, कारण तो दोन घास जास्त खायला लागला होता. "बाबा, तुम्हाला तर गेमचं वेड लागलं," लेक म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसलं. त्याला खरोखरच बरं वाटत होतं. रोज एक पोर त्याच्यासमोर रस्ता ओलांडून सुखरूप पलीकडे जात होती, आणि तेवढंच बघायला तो जात होता. खऱ्या मुलीचा चेहरा त्याला कधी नीट दिसलाच नव्हता. आता तिच्या जागी तो लाल फ्रॉक डोळ्यांपुढे यायचा.

पण मन हे फार वाईट. सुखाने खाऊ देईल तर ते मन कसलं! एक दिवस त्याच्या डोक्यात आलं, इथे दर वेळी थांबते, मग तिथे का नाही थांबली?

त्याने मुद्दाम ब्रेक जरासा उशिरा दाबून पाहिला. पडदा काळा झाला आणि अक्षरं उमटली, "पुन्हा प्रयत्न करा." झालं, त्याला त्याचं उत्तर मिळालं. वेळेवर दाबला की मूल वाचतं, उशिरा दाबला की मरतं. म्हणजे त्या दिवशी आपण उशीर केला. मग तो आठवायला बसला. त्या वेळी आपण आरशात बघत होतो का? लेकीच्या परीक्षेचा विचार करत होतो का? शोधायला बसलं की कुणालाही स्वतःची चूक सापडते, तशी त्यालाही सापडली. हो, आरशातच बघत होतो.

"अगं, उशीर माझाच झाला," त्याने बायकोला सांगितलं.

बायको भाजी निवडत होती. तिने सुरी खाली ठेवली. "साहेबांनी टेप लावून मोजलंय ना? मग तुम्ही कशाला साप साप म्हणून भुई धोपटताय?"

"साहेब गाडीत नव्हते. मी होतो."

"अहो, ते खोटं यंत्र आहे! त्यातली पोर खोटी, रस्ता खोटा, आणि तुमचा उशीर तेवढा खरा?"

बाई लाख बोलली. पण ऐकेल तर तो कासव कसला. एकदा मान आत घेतली की घेतली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो मुलीच्या घरी गेला. तिसरा मजला, अरुंद जिना, दारापाशी अजून तिचे शाळेचे बूट. मुलीच्या बापाने दार उघडलं. हा गृहस्थ चष्म्याच्या दुकानात कामाला होता, बोलायला एरवी मवाळ. कासवाला ओळखल्यावर तो पांढराफटक पडला. कासवाने हात जोडले आणि उंबऱ्याबाहेरूनच सांगून टाकलं, "चौकशीत काही का लिहिलं असेना. बस थांबली असती. मी ब्रेक उशिरा मारला."

बापाने त्याची कॉलर धरली. कासवाने हात वर केला नाही. तेवढ्यात आतून मुलीची आई आली. केस विस्कटलेले, अंगावरचा गाऊन कितव्या दिवसाचा कोण जाणे.

"सोडा त्यांना," ती म्हणाली. "तुम्ही परत सांगा. काय म्हणालात?"

"बस थांबली असती, ताई. मी ब्रेक उशिरा मारला."

ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. नवऱ्याने कॉलर सोडली आणि तो तिच्याकडे बघत राहिला. खूप दिवसांत बघितलं नसल्यासारखा. कासवाला त्यातलं काही कळलं नाही. तो जिना उतरून घरी आला आणि त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

पुढचं ठरल्यासारखं झालं. बापाने तक्रार केली, चौकशी नव्याने उघडली, कासवाला कामावरून घरी बसवलं. वकिलाने स्वच्छ सांगितलं की स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय, आता नोकरी तर जाईलच, तुरुंगही टळेल असं वाटत नाही. बायकोने त्याच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची आणि निघून जायची. लेक दोघांमध्ये निरोप्यासारखी फिरायची. गेमचं नाव आता ती काढत नव्हती.

नव्या चौकशीसाठी सिम्युलेटरची नोंद मागवली तेव्हा मॅडमने यंत्राच्या सेटिंग उघडल्या. तिने कासवाला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा ती बादलीशेजारच्या स्टुलावर बसलेली होती.

"काका, माझ्यामुळे झालं हे," ती म्हणाली. "नवीन मुलांना गचक्यांनी उलट्या व्हायच्या ना, म्हणून मी बस रिकामी ठेवली होती आणि रस्ता कोरडा. म्हणजे ब्रेक अलगद दाबला तरी गाडी लवकर थांबते. नंतर बदलायचं होतं. राहून गेलं. तुम्ही इतके दिवस रिकामी बस चालवत होता."

तो सीटवर जाऊन बसला. "आता भरा," म्हणाला. "रस्ता ओला करा."

तिने केलं. चौक आला, गाडी आली, लाल फ्रॉक आला. त्याने ब्रेक दाबला. पडदा काळा झाला. पुन्हा. पडदा काळा झाला. मग तो फसवायला लागला. फ्रॉक दिसायच्या निमिषभर आधीच पाय दाबायला लागला, तरी बस त्या पोरीला गाठायचीच. आता ती पलीकडे जातच नव्हती. ज्या मुलीला त्याने इतके दिवस रोज वाचवलं होतं, तिला तो आता पुन्हा पुन्हा मारत होता. शेवटी मॅडमनेच यंत्र बंद केलं. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडला. आपली चूक नव्हती याचा आनंद त्या रडण्यात नावालाही नव्हता.

"मी उद्याच लिहून देते," मॅडम म्हणाली. "माझी नोकरी गेली तर जाऊ दे. तुम्ही सुटाल."

"आधी मला त्या घरी जाऊ द्या. मी बोललोय, मीच परत घेतलं पाहिजे. मग तुमचा कागद द्या."

बायकोला कळलं तेव्हा तिने आधी त्याला भरपूर ऐकवलं, "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मग पदराने डोळे पुसत त्याच्या शर्टाला स्वतः इस्त्री केली. "जा. एकदाचं सांगून मोकळे व्हा. आल्यावर सगळे मिळून जेवू."

तिसऱ्या मजल्यावर दार मुलीच्या आईने उघडलं. नवरा कामावर गेला होता. तिने केस विंचरले होते. घरात झाडलेलं होतं, खिडकी उघडी होती, आणि दारापाशी ते बूट नव्हते.

"तुम्ही कशाला आलात?" ती म्हणाली. पण त्याला तोंड उघडू न देता तीच बोलत राहिली. "तुमचं तोंड बघायची मला इच्छा नाही. तुम्ही तुरुंगात गेलात तर मला वाईट वाटणार नाही. पण एक सांगते. तिचा हात माझ्या हातात होता. हे रोज विचारायचे, हात सुटलाच कसा? येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर विचारायचे. सासूबाईंनी तर माझ्या हातचं पाणी सोडलं. मला वाटायचं, बरोबरच आहे. मीच मारलं तिला. तुम्ही आलात त्याच्या आदल्या दिवशी मी गच्चीवर गेले होते. कठड्यापर्यंत गेले होते."

कासवाचा हात कठड्याचं नाव ऐकून आपोआप जिन्याच्या कठड्यावर गेला.

"आता हे विचारत नाहीत," ती म्हणाली. "काल रात्री म्हणाले, तू जेवलीस का? एवढंच म्हणाले. मी सगळं ताट संपवलं." तिने आता त्याच्याकडे पाहिलं. "बोला. काय सांगायचं होतं?"

त्याच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. घरी बायको ताटं घेऊन थांबली होती. मॅडमचा कागद लिहून तयार होता. एक वाक्य बोलायचं होतं, आणि तेही खरं. खरं बोलायला एवढा जीव जातो हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"काही नाही, ताई," तो म्हणाला. "नीट माफी मागायची राहिली होती. बस थांबली असती. उशीर माझाच झाला."

"बरं," ती म्हणाली. "आता जा. परत येऊ नका."

तो जिना उतरत असतानाच फोन वाजला. मॅडम होती.

"सांगितलंत का, काका?"

"सांगितलं."

"मग मी कागद देऊ ना?"

"नको," तो म्हणाला. "यंत्र तेवढं नीट करून ठेवा. नवीन मुलं शिकतात त्याच्यावर."